काटकसर कुठल्या गल्ल्यावर?

गेली अनेक वर्षे मी घरखर्चाची वही लिहीत आले आहे. तारीख, वस्तू आणि रक्कम असे तीन रकाने, महिनाअखेरीस बेरीज, आणि बेरीज मागच्या महिन्यापेक्षा कमी निघाली की स्वतःवरच खूश होणे, असा हा क्रम. मागच्या वर्षी नवी वही आखताना मात्र पट्टी आणखी थोडी पुढे सरकली आणि मी चौथा रकाना आखला: पैसे कुणाला दिले. त्यामागे काही मोठा विचार होता असे नाही. घराजवळची दोन दुकाने एकापाठोपाठ बंद झाली होती आणि त्याबद्दल मी चार लोकांत हळहळ व्यक्त केली होती, एवढेच. हळहळताना एक बारीकसा प्रश्न टोचत होता, की या दुकानांतून मी शेवटचे काही घेतले ते कधी? जुन्या तीन रकान्यांत त्याचे उत्तर मिळेना, म्हणून चौथा.

वर्ष संपल्यावर वही घेऊन बसले आणि मला जे दिसले ते फारसे सुखावह नव्हते. मोठ्या रकमा ज्यांच्याकडे गेल्या होत्या त्यांतल्या एकाचेही तोंड मी पाहिलेले नव्हते. कर्जाचे व्याज, विम्याचे हप्ते, फोन आणि इंटरनेट, आणि खात्यातून दरमहा आपोआप वळत्या होणाऱ्या तीन वर्गण्या, ज्यांपैकी एक सेवा मी आठ महिन्यांत एकदाही उघडलेली नव्हती. छोट्या रकमा गेल्या होत्या त्या मात्र ओळखीच्या माणसांकडे. इथपर्यंत ठीक आहे. कोणाच्याही घरात साधारण असेच असेल. पण मला एक सवय आहे. जिथे पैसे वाचवले तिथे मी समासात बारीक अक्षरांत ‘वाचले’ असे लिहून आकडा टाकते. हे सगळे ‘वाचले’ पाहत गेले तेव्हा ध्यानात आले, की त्यांतला एकही शेरा मोठ्या रकमांसमोर नव्हता. शिंप्यासमोर होता, चांभारासमोर होता, वह्या-पेनांच्या दुकानासमोर तीनदा होता. वर्षभर माझी काटकसर जिथे सर्वांत कमी पैसा होता तिथेच सर्वांत जोमाने चालली होती.

माणूस पैशाच्या बाबतीत असा का वागतो, याचा एक सुरेख प्रयोग आमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना विचारले, समजा तुम्ही एक जॅकेट आणि एक कॅल्क्युलेटर घ्यायला दुकानात आला आहात. कॅल्क्युलेटर १५ डॉलरला आहे, पण वीस मिनिटांच्या अंतरावरच्या दुसऱ्या शाखेत तोच १० डॉलरला मिळतो, तर तुम्ही तिकडे जाल का? ६८ टक्के लोक हो म्हणाले. दुसऱ्या गटासाठी त्यांनी कॅल्क्युलेटरची किंमत १२५ डॉलर केली आणि दुसऱ्या शाखेत तो १२० डॉलरला ठेवला. वाचणारे डॉलर तेवढेच पाच, अंतर तेवढेच वीस मिनिटांचे. पण आता फक्त २९ टक्के लोक जायला तयार झाले. म्हणजे आपण वाचलेली रक्कम मोजत नाही, ती मूळ किमतीच्या मानाने किती मोठी दिसते ते मोजतो. माझ्या समासातले सगळे शेरे या एका प्रयोगात बसतात. स्वस्त वस्तूवर थोडे वाचले की केवढा पराक्रम वाटतो, आणि विम्याच्या हप्त्यात त्याच्या कितीतरी पट रक्कम निष्कारण जात असली तरी ‘त्यात काय एवढे’ वाटते.

याच्याही पुढचा, आणि मला जास्त लागलेला प्रयोग रिचर्ड थेलर या अर्थतज्ज्ञांचा आहे. त्यांनी १९८५ साली एका लेखात तो मांडला. तुम्ही कडक उन्हात समुद्रकिनारी पडला आहात आणि मित्र म्हणतो, मी थंड बिअर आणतो, पण जास्तीत जास्त किती पैसे द्यायची तयारी आहे ते सांग. काही जणांना सांगितले होते, की बिअर आलिशान हॉटेलातून येणार आहे. काहींना सांगितले होते, की ती एका लहानशा, कळाहीन किराणा दुकानातून येणार आहे. बाटली तीच, आणि प्यायची किनाऱ्यावरच, म्हणजे हॉटेलच्या गाद्यागिरद्यांचा काही संबंधच नाही. तरीही हॉटेलसाठी लोकांनी सांगितलेल्या रकमांचा मध्य २.६५ डॉलर निघाला आणि दुकानासाठी १.५० डॉलर. मोठ्या ठिकाणी जास्त द्यावे लागणार हे आपण आधीच कबूल करून बसलेले असतो, आणि छोट्याने जास्त मागितले तर आपल्याला लुबाडल्यासारखे वाटते. हा लेखाजोखा मनात आपोआप होतो, आणि आपण त्याला काटकसर हे भारदस्त नाव देऊन मोकळे होतो.

इथे मला नळाची हकीकत सांगितली पाहिजे.

आमचा स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता आणि मी नवा नळ मागवायचे ठरवलेही होते. एका संकेतस्थळावर बऱ्यापैकी सवलत होती आणि नळ मागणीच्या यादीत जाऊन बसला होता. हार्डवेअरच्या दुकानात मी गेले ती वेगळ्याच कामासाठी, दोन स्क्रू हवे होते म्हणून. बोलता बोलता नळाचा विषय निघाला तेव्हा दुकानदारांनी विचारले, “गळतो म्हणजे कुठून? तोंडातून की मुठीखालून?” मी म्हटले, तोंडातून. “मग नळ कशाला बदलता? वॉशर गेलाय. जुना काढून घेऊन या.” दुसऱ्या दिवशी मी तो काळा रबरी वॉशर कागदात गुंडाळून नेला. त्यांनी तो अंगठ्याने पुसला आणि उजेडात धरून मला दाखवला. त्याच्या मध्याभोवती एक खोल गोल खाच पडली होती. “हे बघा. तुम्ही नळ फार आवळून बंद करता. जेवढा आवळाल तेवढा रबर कापला जातो, मग गळतो, मग तुम्ही आणखी आवळता.” मागच्या बाजूला भिंतभर लहान लहान खण होते. त्यांतला एक ओढून त्यांनी दोन-तीन वॉशर जुन्यावर ठेवून पाहिले आणि एक माझ्या हातावर ठेवला. मी म्हटले, दोन द्या, राहील एक घरात. “एकच पुरे. लागेल तेव्हा या.”

त्या वॉशरची रक्कम वहीत लिहिताना मला संकोच वाटला, इतकी ती किरकोळ होती. दोन दिवसांत मिळून त्या माणसाने माझ्यासाठी पाव तास घालवला होता, निदान केले होते, आणि मी त्यांच्याकडूनच नवा नळ घेतला असता अशी जी काही शक्यता होती ती स्वतःच्या तोंडाने घालवली होती. वॉशरवर सुटणाऱ्या पैशांतून त्या पाव तासाचे मोल निघणे शक्यच नव्हते. मग ते कशातून निघते? ते त्या दुकानातल्या बाकीच्या मालातून निघते, म्हणजे मी ‘दुसरीकडे स्वस्त आहे’ म्हणून जो तिथून घेत नाही त्या मालातून.

किरकोळ व्यापाऱ्याचे मार्जिन ही गोष्ट गिऱ्हाईक म्हणून आपण फार उथळपणे पाहतो. घाऊक भाव आणि दुकानातला भाव यांतला फरक म्हणजे दुकानदाराचा नफा, असे समजून आपण मनातल्या मनात त्याला श्रीमंत करून टाकतो. त्या फरकातून जागेचे भाडे, वीज, नोकराचा पगार, तुटफूट आणि बुडीत उधारी हे सगळे जायचे असते, हे निदान ऐकून तरी माहीत असते. जे सहसा लक्षात येत नाही ते म्हणजे अडकलेले भांडवल. त्या भिंतीवरच्या खणांत कितीतरी मापांचे वॉशर असतील. त्यांतली काही मापे वर्षानुवर्षे कोणी मागणार नाही. तरी ती ठेवावी लागतात, कारण ज्या दिवशी कोणाला हवी असतील त्या दिवशी ती त्याला लगेच हवी असतील. अवाढव्य गोदामातून सगळीकडे माल पाठवणाऱ्या विक्रेत्याचे तसे नसते. एखादी अडगळीतली वस्तूसुद्धा लाखो गिऱ्हाइकांपैकी कोणीतरी रोज मागत असतो, म्हणून त्याचा माल फिरत राहतो. छोट्या दुकानात तीच वस्तू धूळ खाते. दुकानदाराच्या भावात आपण न घेतलेल्या मालाचे भाडेही असते, आणि हे भाडे देण्यात काहीएक व्यवहार आहे, दानधर्म नाही.

हे लिहिताना मला माझ्या बुटांची आठवण होते, आणि ती काही अभिमानाची नाही. काही वर्षांपूर्वी चालण्याचे बूट घ्यायचे होते. दुकानातल्या मुलाने माझ्या पावलाचे माप घेतले, पाऊल पुढच्या बाजूला रुंद आहे हे सांगितले, चार जोड काढून दाखवले, दोनदा आत जाऊन वेगळी मापे आणली. चाळीसेक मिनिटांनी मला नेमके बूट सापडले. मी ‘विचार करून येते’ म्हणाले, खोक्यावरचा क्रमांक पाठ केला आणि दुकानाच्या बाहेर फुटपाथवर उभी राहून तेच बूट फोनवरून मागवले. वहीच्या समासात ‘वाचले’ लिहिले, आकडा चांगला घसघशीत होता. याला शोरूमिंग असे नावही आहे, आणि नाव असलेल्या गोष्टी फार वाईट वाटत नाहीत. पण त्या दिवशी मी जे केले ते काटकसरीत बसत नाही. मी एका माणसाची चाळीस मिनिटे आणि त्याचे ज्ञान फुकट घेतले, आणि त्याचे पैसे ज्याने काहीच केले नव्हते त्याला दिले. तेव्हापासून एक नियम मी पाळते: जिथे सल्ला घेतला तिथे वस्तू घ्यायची, आणि भाव परवडणारच नसेल तर सल्लाही घ्यायचा नाही. बाकी बाबतींत मी पुष्कळ ढिली आहे, पण याला अपवाद करत नाही.

आता दुसरी बाजू, कारण ‘जवळच्याच दुकानातून घ्या’ या उपदेशात जो भाबडेपणा असतो तोही मला सोसत नाही. सगळ्यांनी एकदम हात आखडता घेतला तर सगळ्यांचीच मिळकत घटते, हे अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ साली मांडले आणि त्याला काटकसरीचा विरोधाभास म्हणतात. दुकानांच्या बाजूने बोलणारे कधीकधी त्याचा आधार घेतात. पण तो विचार मंदीतल्या एकूण खर्चाचा आहे. मी वॉशर कुठून घ्यावा हे काही तो सांगत नाही. उलट फ्रेंच अर्थचिंतक फ्रेडरिक बास्तिया यांनी १८५० साली जी खूणगाठ बांधून दिली ती इथे जास्त उपयोगी आहे: जे दिसते त्यासोबत जे दिसत नाही तेही मोजा. मी एखादी वस्तू दूरच्या विक्रेत्याकडून स्वस्तात घेतली तर जवळच्या दुकानदाराचे नुकसान दिसते. पण उरलेले पैसे हवेत विरत नाहीत. त्याच पैशांतून मी शिंप्याकडून कोट उसवून नीट करून घेतला असेल, तर ते कोणाला दिसत नाही.

आणि वस्तू जवळच्या दुकानातून घेतली म्हणजे पैसा जवळच राहतो, हेही अर्धेच खरे. दुकानदाराच्या हाती मार्जिन राहते. किमतीचा मोठा भाग त्याच दिवशी नाही तर महिन्याभराने घाऊक व्यापाऱ्याकडे आणि तिथून कारखान्याकडे जातोच. दुरुस्तीचे मात्र तसे नाही. चांभार बुटाचा तळ बदलतो तेव्हा चामडे किंवा रबर, चिकट द्रव आणि दोरा यांचे पैसे बाहेर जातात. बाकीची मजुरी त्याच्या घरात जाते. मला तर असे वाटू लागले आहे, की काटकसर आणि शेजारधर्म यांचे भांडण मुळात विक्रीच्या दुकानात लागते, दुरुस्तीच्या टपरीवर लागत नाही. जुनी वस्तू आणखी चार वर्षे वापरणाऱ्या चिक्कू माणसाइतके दुरुस्ती करणाऱ्याचे चांगले गिऱ्हाईक दुसरे नाही.

अडचण अशी आहे, की दुरुस्ती नव्या वस्तूच्या तुलनेत दिवसेंदिवस महाग होत जाते, आणि त्यात दुरुस्ती करणाऱ्याचा काही दोष नाही. विल्यम बोमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली नाटक-संगीताच्या अर्थकारणाचा अभ्यास करताना याचे मूळ दाखवले होते. चार वादकांनी वाजवायच्या रचनेला दोनशे वर्षांपूर्वी जितकी माणसे आणि जितका वेळ लागत असे तितकाच आजही लागतो. पण त्या वादकांनाही आजच्या जगात जगायचे असते, म्हणून त्यांचे मानधन बाकीच्या कामांच्या मजुरीबरोबर वाढावे लागते. यंत्रावर तासाला शेकडो बूट निघू लागले, तरी फाटलेला एक बूट शिवायला हाताला लागणारा वेळ तोच राहतो. म्हणून नवा बूट स्वस्त होत जातो आणि शिवण महाग वाटू लागते. स्वीडनने २०१७ पासून सायकली, पादत्राणे आणि कपडे यांच्या दुरुस्तीवरचा मूल्यवर्धित कर २५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आणला होता तो यासाठीच; पुढे त्या दरात फेरफार होत राहिले. करात सूट मिळाली म्हणून चांभाराकडे रांग लागते असे नाही. पण अडचण कुठे आहे हे सरकारलाही कळले होते, एवढे त्यातून दिसते. मी स्वतः आता दुरुस्तीचा भाव नव्या वस्तूच्या भावाशी ताडून पाहत नाही, ती वस्तू आणखी किती वर्षे चालेल याने भागते. या भागाकारात बहुतेक वेळा चांभारच जिंकतो.

सगळ्याच छोट्या दुकानांविषयी मला उमाळा येतो असे मात्र कोणी समजू नये. एका दुकानदाराने मला बिघडलेला टेबलावरचा दिवा विकला आणि दुसऱ्या दिवशी परत न्यायला गेले तर मीच तो पाडला असणार असे चारचौघांत ऐकवले. मी तिथे पुन्हा पाऊल ठेवले नाही आणि त्याचे मला तिळमात्र वाईट वाटत नाही. दुकान जवळ असणे हा काही गुण नव्हे. आणि ज्याच्या महिन्याची दोन टोके जुळत नाहीत, त्याने सर्वांत स्वस्त मिळेल तिथून घ्यावे; त्याला शेजारधर्म शिकवायला जाणे हा भरल्या पोटाचा उद्धटपणा आहे. हा सगळा प्रश्न मुळात माझ्यासारख्यांचा आहे, ज्यांना थोडे जास्त देणे शक्य असते आणि तरीही ते केवळ सवयीने देत नाहीत.

वहीत न मावणारेही काही असते. शहरांच्या अभ्यासक जेन जेकब्स यांनी १९६१ साली न्यूयॉर्कमधल्या आपल्या वस्तीविषयी लिहिताना नोंदवले होते, की लोक आपल्या घराच्या किल्ल्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे ठेवून जात, पाहुणा आला की त्याने त्या द्याव्यात म्हणून. या कामाचे तो पैसे घेत नसे. कुठल्या रकान्यात लिहायचे हे? मी एकदा ‘फुकट मिळाले’ असा पाचवा रकाना आखायचा विचार केला होता, पण मग वही ठेवण्याऐवजी माणसांचे हिशेब ठेवल्यासारखे झाले असते, म्हणून सोडून दिला.

केले ते एवढेच, की वर्ष संपल्यावर एक दुपार घालवून मी काटकसरीची जागा बदलली. न वापरलेली वर्गणी बंद केली. फोनची योजना माझ्या वापराच्या मानाने भलतीच मोठी होती, ती लहान घेतली. विम्यात दोनदा भरला जाणारा एक भाग शोधून काढला. तिथे घासाघीस करायला समोर माणूस नसतो. पाऊण तास वाट पाहण्याचे संगीत ऐकावे लागते, अर्ज भरावे लागतात, आणि म्हणूनच आपण ते करत नाही. त्या एका दुपारी दरमहा जेवढे वाचले तेवढे समासातल्या वर्षभराच्या साऱ्या शेऱ्यांनी मिळून वाचवले नव्हते. त्यातला अर्धा भाग आता महिन्याच्या पहिल्या ओळीवर ‘मोकळीक’ म्हणून वेगळा काढते. त्या रकमेतून शिंपी, चांभार, हार्डवेअर, वह्या-पेने. तिथे भाव विचारते, पण पाडून मागत नाही. रक्कम संपली की त्या महिन्यापुरते थांबते, कारण काटकसरीचा स्वभाव काही गेलेला नाही.

मध्यंतरी न्हाणीघरातला नळ ठिबकू लागला तेव्हा पुन्हा त्या दुकानात गेले. गल्ल्याजवळ एक पुठ्ठ्याचे खोके फोडून ठेवलेले होते, ऑनलाइन मागवलेले. आत दुकानासाठी आणलेला पंखा होता. माझी नजर तिकडे गेलेली पाहून दुकानदार हसले. “मलाही काटकसर करावी लागते की, ताई.” यावर मी काय बोलणार? मी जुना वॉशर कागदातून काढून पुढे केला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला. “अजून तसाच आवळता का नळ?”

“कमी झालंय,” मी म्हटले.

त्यांनी खाचेवरून नख फिरवले, काही बोलले नाहीत, आणि खण ओढला. या वेळी त्यांनी न मागता दोन वॉशर दिले. पैसेही दोन्हींचे घेतले.